हाक मुलांनाच मारू द्या

आमच्या जळगावच्या घरात दर रविवारी संध्याकाळी लिस्बनहून फोन येतो. माझे धाकटे दीर तिथे नोकरीला आहेत. जाऊ आणि सहा वर्षांची पुतणी त्यांच्यासोबत असतात. पुतणी तिथल्या शाळेत जाते, पोर्तुगीज भराभर बोलते. मराठी तिला समजतं, पण बोलायची वेळ आली की अडखळते. इकडे माझी लेक सहावीत. दोघी चुलतबहिणी फोनवर एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. पुढे काय बोलावं, कोणत्या भाषेत बोलावं, हे दोघींनाही उमजत नव्हतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीने ठरवलं, आपण पोर्तुगीज शिकायचं. पहिला धडा कुटुंबाचा. तिने वहीत रकाने पाडले आणि घरभर फिरत शब्द म्हणू लागली. पाय म्हणजे बाबा. इर्मांव म्हणजे भाऊ, इर्मां म्हणजे बहीण. फील्या म्हणजे मुलगी. तीऊ आणि तीआ म्हणजे काका-काकू. आणि मांय म्हणजे आई.

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्या मूळच्या पारोळा तालुक्यातल्या. मान वर करून म्हणाल्या, "हाई ते आपलीच माय शे!"

लेक थांबली आणि तिने विचारलं, "आपली माय म्हणजे?"

आई-बाबांनो, तो प्रश्न मला फार लागला. माझी लेक मला मम्मी म्हणते. तसं मीच तिला शिकवलं. खान्देशात घरोघरी, शेताच्या बांधावर, एसटीच्या गर्दीत ज्या शब्दाने आईला हाक मारतात, तो शब्द माझ्या मुलीला लिस्बनच्या वाटेने भेटला. तिच्या प्रवेशाच्या वेळी शाळेत सांगितलं होतं, घरात बोली बोलू नका, मुलीची भाषा बिघडेल. आम्ही दोघांनी ते निमूट ऐकलं. माझं माहेर धुळे तालुक्यातलं. माझी आई मला आजही 'मनी आंडेर' म्हणते. आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. हे शब्द मी माहेरच्या उंबऱ्याबाहेर कधी आणलेच नाहीत. म्हणून माझ्या लेकीला फील्या आधी कळलं आणि आंडेर नंतर. हे मी मनात सल ठेवून लिहिते आहे, कारण असंच तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी झालं असणार.

त्या रात्री मी आणि लेक वही घेऊन बसलो. सासूबाईंच्या कानाने जे ओळखलं होतं, ते खरंच आहे का ते पाहायचं होतं. ते खरं निघालं. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक आणि मराठी संस्कृत-प्राकृताच्या कुळातली. ही दोन्ही कुळं फार मागे एकाच मुळाला जाऊन मिळतात. संस्कृतात मातृ, लॅटिनमध्ये मातेर. एकीकडून आपली माय आली, दुसरीकडून त्यांची मांय. आपल्याकडे स्नुषेची सून झाली, लॅटिनच्या नुरुसची पोर्तुगीजमध्ये नोरा झाली. श्वश्रूची सासू झाली, तिकडे सोक्रुसची सोग्रा. आणि सगळ्यात गोड जोडी नातवंडांची. संस्कृतातल्या नप्तृपासून आपला नातू आणि नात, तर लॅटिनच्या नेपोसपासून त्यांचा नेतु आणि नेता. लेकीने 'नेता म्हणजे नात' हे क्षणात लक्षात ठेवलं. ते पुन्हा कधी विसरली नाही.

शब्दांची कुळं शोधण्याचं हे वेड खान्देशाला नवं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याचा शेवटचा काळ धुळ्यात काढला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच गेले. त्यांच्या पाठोपाठ १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठी नामांची आणि धातूंची व्युत्पत्ती हा त्यांचा ध्यास होता. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहासही त्यांनी लिहायला घेतला होता. शब्दाचा माग काढत गेलं की माणसांचा माग लागतो, हे ते जाणून होते. आपण तेवढे विद्वान नसू, पण मुलाला मांडीशी घेऊन एका शब्दाचा माग आपणही काढू शकतो.

पुढच्या रविवारी खरी गंमत झाली. पुतणीने मला 'तीआ' म्हणून हाक मारली. जाऊबाईंनी तिला सांगितलं, ही तुझी मोठी आई. पुतणी गोंधळली. तिने विचारलं, मोठी आई म्हणजे आव्हॉ, म्हणजे आजी का? तिच्या जागी ते बरोबरच होतं. पोर्तुगीजमध्ये काकू, मावशी, आत्या, मामी या चौघी तीआच. काका, मामा आणि मावशीचे यजमान हे सगळे तीऊ. चुलत, मामे, आते, मावस अशी सगळी भावंडं प्रीमु आणि प्रीमा. पुतण्या आणि भाचा यांनाही एकच शब्द. दीर आणि मेहुणा दोघांना कुन्यादु. आपल्याकडे मात्र वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांच्या बायकांनाही वेगळी हाक असते. खान्देशात आत्या ही फुई होते आणि तिचे यजमान फुवा होतात. शेजारच्या गुजरातीतली फोई तिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची.

इथे एक काळजी घ्यायला हवी. शब्द जास्त म्हणजे माया जास्त, असं मुलांच्या मनात भरवू नका. ब्राझीलमध्ये लहान मुलं आपल्या शिक्षिकेलाही लाडाने तीआ म्हणतात. त्या एका शब्दात त्यांनी परक्या बाईला घरात घेतलेलं असतं. आपण शेजाऱ्यांना काका, मावशी म्हणतो, तशीच ती माया आहे. प्रत्येक समाजाने आपल्या गरजेप्रमाणे नात्यांचे शब्द घडवले. आपल्याकडे वाटण्या, सोयरिकी, आहेर, मानपान, सुतक, सगळं नात्यावर ठरत होतं. म्हणून मामा आणि काका यांत गल्लत करून चालत नसे.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला मोठा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर आणि दक्षिण यांच्या रीती महाराष्ट्रात एकमेकींना भेटतात, हे त्यांनी दाखवलं. त्याची खूण आपल्या जुन्या हाकांत आहे. सून सासऱ्याला मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक होत असे, त्या काळाची ती आठवण. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. एका हाकेत एवढं साठलेलं असतं, हे त्यांना आवडतं.

पोर्तुगीज आपल्या घरात पहिल्यांदाच आलेली नाही, हेही मुलांना सांगा. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द तिकडूनच आले. नात्यांचे दोन शब्दही वेष बदलून आपल्यात नांदत आहेत. पाद्री हा शब्द 'पाद्रे'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ पिता. दवाखान्यात आणि बालवाडीत मुलांना सांभाळणारी आया ही पोर्तुगीज 'आइआ'. तिचं मूळ लॅटिनमधल्या आजीच्या शब्दात आहे असं मानतात. आपलं लेकरू आपण जिच्या हवाली करून कामाला जातो, तिच्या नावात एक आजी दडलेली आहे. गोव्यात तर ही सरमिसळ घरातच दिसते. तिथल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांत वडिलांना पाय, आजोबांना शापाय, आजीला शामाय म्हणतात. काका-मामांना तितीव आणि काकू-मावशीला तितीन. हाक कोकणीत मिसळून गेली आहे, पोर्तुगीज शब्द म्हणून ती कुणाला वेगळी काढावी लागत नाही.

आता एका गावाची गोष्ट सांगते. रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यात, चौल-रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचं गाव आहे. पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लईचा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती वस्ती तिथेच राहिली. पोर्तुगीजमधून जन्मलेली आपली बोली ती आजही बोलते. बोलणारे हजाराच्या आसपास. भोवती सगळी मराठी, शाळा मराठी, बाजार मराठी. त्या बोलीला राजाश्रय नाही, पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही. तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षं ती टिकली. ते लोक तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. तिथल्या आयांनी लेकरांना त्याच बोलीत जेवायला बोलावलं, त्याच बोलीत झोपवलं, म्हणूनच ती जगली. आणि ती मुलं मराठीतही मागे पडली नाहीत. घरची बोली आणि शाळेची भाषा एका मुलाच्या तोंडात सुखाने नांदू शकतात, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि आपण? २००१ च्या जनगणनेत सुमारे २० लाख ७५ हजार लोकांनी आपली मातृभाषा खान्देशी गटातली नोंदवली होती. त्यात आपल्या अहिराणीचा वाटा सर्वांत मोठा. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. दहा वर्षांत जळगाव, धुळे, नंदुरबारची लोकसंख्या वाढली आणि आपली बोली सांगणारी माणसं मात्र दोन लाखांनी कमी झाली. एवढी माणसं बोली विसरली असतील असं मला वाटत नाही. ती सांगायला संकोचली असतील. माझ्यासारख्याच कितीतरी आयांनी आंडेर हा शब्द गिळून टाकला असेल.

ज्या मातीत आपण असा संकोच करतो, त्याच मातीत आसोद्याला १८८० मध्ये बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्यांनी आपल्या लेवा बोलीत जे रचलं, ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्या नातेवाइकांनी ऐकलं आणि उतरवून घेतलं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची कविता पुस्तकरूपाने मराठी वाचकांपुढे आली. आज आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. सोपानदेव शिकलेले होते, कवी होते. आईची बोली अडाण्याची म्हणून त्यांनी कान झाकले असते, तर आज आपल्याकडे काय उरलं असतं?

म्हणून आई-बाबांनो, माझं सांगणं एवढंच आहे. मुलांना पोर्तुगीज शिकू द्या, जर्मन शिकू द्या, जपानी शिकू द्या. त्या भाषांच्या पहिल्याच धड्यात कुटुंबाचे शब्द येतात. ती तुमची संधी आहे. मुलाच्या वहीत दोन रकाने असतील, तर तिसरा तुम्ही पाडा. मांय, आई, माय. फील्या, मुलगी, आंडेर. तीआ समोर आला की एका शब्दावर थांबू नका. फुई, मावशी, मामी, काकू असे सगळे लिहा आणि प्रत्येकीपुढे त्या माणसाचं नाव मुलालाच लिहू द्या. एखादी जागा रिकामी राहिली, तर आजीला विचारायला पाठवा. आजीला विचारण्यासारखं काहीतरी नातवंडांकडे असणं, ही आजच्या घरांतली मोठी गरज आहे.

पण पाठांतरावर फार विसंबू नका. नात्याचा शब्द पाठ करून येत नाही, हाक मारून येतो. माझ्या लेकीला वहीतले तीस शब्द आठवड्यात पाठ झाले. पण धुळ्याला माहेरी गेल्यावर दारात उभ्या असलेल्या माझ्या आत्याला काय म्हणायचं, ते तिला सुचेना. दोष तिचा नव्हता. तोपर्यंत फोन मी लावायचे, बोलायचे मी, आणि शेवटी तिच्या कानाला लावून 'नमस्कार कर' एवढंच सांगायचे. आता आम्ही रीत बदलली. फोन लावण्याआधी तिला सांगते, पलीकडे माझी फुई आहे, तुझ्या आजोबांची बहीण. तुझ्या आजोबांना लहानपणी हिनेच कडेवर वागवलं. मग पहिली हाक लेक मारते. एवढ्या छोट्या बदलाने तिची भीड गेली.

शब्दासोबत त्या नात्याचं कामही सांगा. फुई म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी. मामा म्हणजे जावळ काढताना मांडीवर घेणारा, लग्नात भाचीच्या पाठीशी उभा राहणारा. पोर्तुगीजमध्ये पाद्रिन्यु आणि माद्रिन्या असे दोन शब्द आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हाती घेणारे ते धर्माचे आई-बाप. बाळ मोठं होईपर्यंत त्याच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी ते सगळ्यांसमोर घेतात. लेकीने हे वाचलं आणि म्हणाली, म्हणजे आपल्या फुईसारखंच की! तिच्या तोंडून आपणहून आलेलं हे 'आपल्या फुईसारखं' मला कुठल्याही परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोलाचं वाटलं.

काही गोष्टी मात्र टाळा. पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेऊ नका. 'सांग बरं, हे तुझे कोण लागतात?' असं चारचौघांत विचारलं की मूल गप्प होतं आणि त्या माणसापासूनही दूर जातं. चुकीची हाक मारली तर हसू नका, बरोबरची हाक तुम्ही मारून दाखवा. आणि सगळ्यांची घरं सारखी नसतात, हे विसरू नका. कुणाचे बाबा हयात नसतात, कुणाची आई वेगळी राहते, कुणाला मामाच नसतो, कुणी दत्तक आलेलं असतं. अशा मुलांपुढे वंशावळीचा कागद ठेवून रिकामे चौकोन दाखवू नका. ज्या माणसाने माया लावली, त्याला हाक मारायला सांगा. नातं रक्ताचं असो की शेजारचं, हाक मारताच ते जवळ येतं.

आपल्याकडे त्यासाठी वेगळे वर्ग लावावे लागत नाहीत. सण आहेत. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके लागतात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा मुंबई, पुणे, सुरतेकडे गेलेले भाऊबंद गावी परततात. घरातल्या माणसांची मोजदाद करून मुठीने रोटाचे गहू घेतले जातात. त्या मुठी मोजताना मुलाला शेजारी बसवा. ही मूठ कुणाची, ही कुणाची, असं विचारत नाव आणि नातं त्याच्याकडून म्हणवून घ्या. अख्खं कुटुंब एका सुपात त्याच्या डोळ्यांसमोर येईल. असा धडा कुठल्या मोबाइलमध्ये सापडणार नाही.

आणि परदेशी राहणाऱ्या आई-बाबांनो, तुमचं दुःख मला माझ्या जावेकडून कळतं. भोवती एकही मराठी शब्द नसताना एकट्याने तो लेकराच्या कानावर घालत राहणं सोपं नाही. पूर्ण वाक्यं नाही जमली तरी चालतील. पण आठवड्यातून एकदा, फोनवर, योग्य माणसाला योग्य हाक एवढं जपा. माझी पुतणी अजून मराठी अडखळतच बोलते. पण आता ती आजीला आव्हॉ आणि माय दोन्ही म्हणते. मला मोठी आई म्हणते, तिच्या शाळेतल्या बाईंना तीआ म्हणते, आणि कोण कुठे बसतं याचा तिला गोंधळ होत नाही. माझी लेक तिच्याशी चार वाक्यं पोर्तुगीजमध्ये बोलते, ती हिला चार मराठीत उत्तर देते. दोघी आता नुसत्या हसत नाहीत.

येत्या सुट्टीत फुई, मावशी किंवा मामा घरी यायचे असतील, तर दाराची घंटा वाजल्यावर तुम्ही उठू नका. मुलाला पाठवा. कोण आलंय ते आधी कानात सांगा, तुमच्या बोलीत सांगा. आणि दार उघडल्यावर पहिली हाक त्यालाच मारू द्या.